गुलामांचा धनी झाला मुक्तांचा वकील

वाचकहो, कायदा पुस्तकात असणे वेगळे आणि तो गावाच्या वेशीत शिरणे वेगळे, हे आपणांस कोणी शिकवायला नको. म्हणूनच अमेरिकेच्या एका सरकारी वकिलाचे चरित्र जाणून घ्या.

अ‍ॅमॉस एकरमन यांचा जन्म १८२१ साली उत्तरेकडील न्यू हॅम्पशायरमध्ये झाला. १८४२ साली पदवीधर होऊन ते दक्षिणेत गेले व जॉर्जियात वकिली करू लागले. तेथील रीतीप्रमाणे त्यांनी गुलाम बाळगले. यादवी युद्धात ते गुलामी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या सैन्यात होते. हा माणूस जन्मापासून समतावादी नव्हता, हे ध्यानात ठेवा.

१८६५ साली दक्षिण हरली, गुलामी गेली. अनेक जुने धनी सूडाने पेटले. एकरमन यांनी मात्र कृष्णवर्णीयांचे समान नागरिकत्व स्वीकारले, लिंकन यांच्या रिपब्लिकन पक्षात प्रवेश केला आणि स्वकीयांचा रोष पत्करला. १८७० साली राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी त्यांना अ‍ॅटर्नी जनरल नेमले.

घटनादुरुस्त्यांनी कृष्णवर्णीयांना समान संरक्षण व मताधिकार दिला होता. पण कू क्लक्स क्लॅनच्या टोळ्या तोंडे झाकून रात्री घरांत शिरत, फटके मारीत, खून करीत. एप्रिल १८७१ मध्ये त्यांच्याविरुद्ध कडक कायदा झाला. एकरमन राजधानीत बसून राहिले नाहीत; स्वतः साउथ कॅरोलिनात गेले. तेथे शेकडो आरोपी पकडले गेले. कोलंबिया शहरात खटले उभे राहिले, तेव्हा ज्यूरीत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. गुलामीच्या काळात गोऱ्यांविरुद्ध ज्यांची साक्षही चालत नसे, तेच आता निवाडा करू लागले!

पण डिसेंबर १८७१ मध्ये ग्रँट यांनी त्यांचा राजीनामा मागितला. जमिनींच्या प्रकरणी त्यांनी बलाढ्य रेल्वे कंपन्यांना दुखावले होते. दुसरे पद त्यांनी नाकारले. पुढे खटल्यांचा जोर ओसरला. १८८० साली जॉर्जियातच त्यांचे निधन झाले.

जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकनांना अर्पण केला, तेव्हा तिकडे मुक्तांचे रक्षण ढिले पडू लागले होते.

बंधुभगिनींनो, मन पालटते, हे धम्म सांगतो. एकरमन त्याची साक्ष आहेत. पण एका भल्या अधिकाऱ्यावर विसंबणारा न्याय त्याच्या बदलीबरोबर जातो. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आपल्या हाती आहे. तो वाचा, साक्षीदाराच्या पाठीशी उभे राहा, मुलामुलींना वकील करा. जय भीम!