गंधकाच्या झऱ्यांवरून तेल ओळखणारा पॅटिलो हिगिन्स

लहानपणी आजीबरोबर दापोली तालुक्यातल्या उन्हवऱ्याला गेलो होतो. गरम पाण्याचं कुंड, आणि सगळीकडे कुजक्या अंड्यांचा वास. त्या पाण्याने गुडघे बरे होतात यावर आजीची श्रद्धा होती, आणि मला तिथून कधी एकदा निघतो असं झालं होतं. तो वास हायड्रोजन सल्फाइड वायूचा, हे पुढे रसायनशास्त्रात कळलं. आणि याच वासाच्या मागे लागून एका चौथी शिकलेल्या माणसाने अमेरिकेतलं एक प्रचंड तेलक्षेत्र ओळखलं, हे कळलं ते अगदी अलीकडे.

आधीच सांगून टाकतो, उन्हवऱ्याच्या कुंडाखाली तेल शोधायला जाऊ नका. कोकणातले गरम झरे बसॉल्टच्या खडकातल्या भेगांमधून वर येतात, त्यांचा तेलाशी संबंध नाही. वास तोच, पण दुसऱ्या भूगर्भात त्याचा अर्थ वेगळा होतो. म्हणूनच पॅटिलो हिगिन्सची गोष्ट वाटते तितकी सरळ नाही.

हिगिन्सचा जन्म १८६३ चा, टेक्सासच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या सबीन पास या गावातला. या किनाऱ्यावर डांबरासारखे गोळे वाहून येतात, हे फार जुनं ज्ञान. १५४३ मध्ये डी सोटोच्या मोहिमेतून वाचलेल्या स्पॅनिश लोकांनी याच भागात आपल्या होड्यांच्या फटी त्या डांबराने बुजवल्या होत्या. म्हणजे तेलाची खूण साडेतीनशे वर्षं लोकांच्या पायाखाली येत होती.

हिगिन्स लहान असतानाच कुटुंब जवळच्या ब्यूमाँट गावात आलं. वडील बंदुका दुरुस्त करायचे, हाही तेच शिकला. पोरगा मात्र वाया गेलेला म्हणावा असा. सतरा वर्षांचा असताना तो आणि त्याचे मित्र कृष्णवर्णीयांच्या चर्चला त्रास द्यायला गेले, तिथे पोलिसाशी गोळीबार झाला. पोलीस मेला, हिगिन्सचा डावा हात कापावा लागला. स्वसंरक्षण म्हणून ज्यूरीने त्याला सोडून दिलं. त्या काळच्या टेक्सासमध्ये त्याच्या जागी एखादा कृष्णवर्णीय मुलगा असता तर काय झालं असतं, हे वेगळं सांगायला नको. पुढे काही वर्षं त्याने एका हाताने लाकूडतोडीच्या छावण्यांत काम केलं. १८८५ मध्ये एका धर्मसभेत त्याचं मन पालटलं, आणि तो दारू-मारामारी सोडून चर्चच्या रविवारच्या शाळेत मुलांना शिकवू लागला.

तेलाकडे तो वळला विटांमुळे. त्याने वीटभट्टी सुरू केली होती. चांगल्या विटेला भट्टीत एकसारखी आच लागते, आणि लाकडाने ती मिळत नाही. पेनसिल्व्हेनियाकडच्या भट्ट्या तेल आणि वायूवर चालतात असं कळल्यावर तो बघायला गेला. भट्ट्या तर पाहिल्याच, पण तेलाच्या विहिरी कुठे खणतात आणि तिथल्या जमिनीवर काय दिसतं, हेही पाहून आला. आणि त्याच्या लक्षात आलं, की यातलं बरंच काही आपण गावाकडे पाहिलेलं आहे.

ब्यूमाँटच्या दक्षिणेला काही मैलांवर एक उंचवटा होता. नाव बिग हिल, पण उंची आजूबाजूच्या सपाट माळापेक्षा जेमतेम पंधरा फूट. त्याला आंबट झऱ्यांची टेकडी असंही म्हणत, कारण तिथल्या झऱ्यांच्या पाण्याला गंधकाचा वास होता. ते पाणी औषधी आहे असा लोकांचा समज होता (आजी सगळीकडे सारख्याच!). काही जागी जमिनीतून बुडबुडे यायचे. हिगिन्स आपल्या वर्गातल्या मुलांना तिथे सहलीला न्यायचा, हातातली काठी जमिनीत खुपसायचा आणि भोकातून येणारा वायू पेटवून दाखवायचा. मुलांना जादू वाटायची. सरकारी भूगर्भ सर्वेक्षणाचे अहवाल वाचून वाचून त्याचं स्वतःचं मत मात्र पक्कं होत गेलं, की या टेकडीखाली साधारण हजार फुटांवर तेल आहे.

१८९२ मध्ये त्याने चर्चमधल्या लाकूड व्यापाऱ्याला, जॉर्ज कॅरोलला, आणि जॉर्ज ओब्रायन नावाच्या वकिलाला बरोबर घेऊन कंपनी काढली. रविवारच्या वर्गातल्या ग्लॅडिस नावाच्या एका मुलीवरून कंपनीचं नाव ग्लॅडिस सिटी ठेवलं. टेकडीजवळ वसवायच्या आदर्श औद्योगिक शहराचा आराखडाही त्याने काढला होता. तेलाचा थेंब नाही, पण शहराचे रस्ते तयार! आजचे स्टार्टअपवाले यावर हसणार नाहीत अशी अपेक्षा आहे.

कंपनीने काही वर्षांत तीन विहिरी घेतल्या, तिन्ही फसल्या. त्या कशा फसल्या, हे नीट बघण्यासारखं आहे. टेकडीखाली वाळूचे जाड, पाण्याने भरलेले, चिखलासारखे वाहते थर होते. भोक पाडलं की वाळू आत घसरायची आणि भोक बुजायचं. विहिरी चारशे फुटांच्या आसपासच बंद पडल्या. हिगिन्स म्हणत होता हजार फूट.

आमच्या भाषेत सांगायचं तर टेस्ट फेल झालेली नव्हती, टेस्ट चाललीच नव्हती. जो कोड तपासायचा तिथपर्यंत पोचण्याआधीच प्रोग्राम क्रॅश झाला. पण रिपोर्टमध्ये दोन्हींचा रंग लालच दिसतो, आणि वरचे लोक फक्त रंग बघतात. माझ्या जुन्या नोकरीत असंच झालं होतं. डेटाबेसच्या बॅकअपची चाचणी दर रात्री मध्येच बंद पडायची, आणि ही नेहमीची कटकट म्हणून आम्ही ते दुर्लक्षित खात्यात टाकलं होतं. प्रत्यक्ष गरज पडली तेव्हा बॅकअप नव्हताच. त्या दुर्लक्ष करणाऱ्यांत मीही होतो, म्हणून हिगिन्सच्या विरोधकांवर फार जोरात हसवत नाही.

विरोधकही लेचेपेचे नव्हते. राज्याच्या भूगर्भ सर्वेक्षणातल्या विल्यम केनेडीने १८९५ मध्ये वर्तमानपत्रातून लोकांना सावध केलं, की या भागात तेल शोधण्यात पैसा घालवू नका. १८९८ मध्ये केंद्रीय भूगर्भ सर्वेक्षणाच्या विलर्ड हेझनेही येऊन नकार दिला. त्यांचा तर्क समजून घ्या. तोवर अमेरिकेतलं बहुतेक तेल पेनसिल्व्हेनियासारख्या ठिकाणी जुन्या, घट्ट खडकांत सापडलं होतं. इथे किनाऱ्याची नवी, भुसभुशीत माती. जवळच्या गॅल्व्हेस्टनला तर सुमारे ३,००० फूट खोल विहीर घेतली होती, तेल लागलं नव्हतं. लोकांच्या पैशाची काळजी म्हणून त्यांनी थांबा म्हटलं, यात मला काही चूक दिसत नाही. पण अजून सापडलेलं नाही आणि इथे असूच शकत नाही, या दोन वाक्यांत मोठं अंतर आहे. ते अंतर त्यांनी एका उडीत पार केलं.

विहिरी कशा खणायच्या यावरून हिगिन्सचं भागीदारांशीही वाजलं. त्याला जड यंत्रं हवी होती, त्यांनी स्वस्तातले ठेकेदार आणले. तो कंपनीतून बाहेर पडला. गावात त्याची टिंगल व्हायची. १८९९ मध्ये त्याने भांडवलदार मिळावा म्हणून जाहिरात दिली. उत्तर आलं फक्त एकाचं, अँथनी लुकासचं.

लुकास मूळचा स्प्लिटचा, म्हणजे आजच्या क्रोएशियातला. शिकलेला इंजिनिअर, ऑस्ट्रियाच्या नौदलात काम केलेला. लुइझियानाच्या किनाऱ्यावर तो मिठासाठी खणत होता, आणि तिथे त्याने अशाच बुटक्या टेकड्या पाहिल्या होत्या. कुठे खाली मीठ, कुठे गंधक, कुठे थोडं तेल. हे सगळं एकत्र का येतं, असा प्रश्न त्याला पडलेला होता.

आज त्याचं उत्तर माहीत आहे. फार पूर्वीचा समुद्र आटून मिठाचा जाड थर तयार झाला, त्यावर हजारो फूट गाळ साचला. मीठ दबलेल्या गाळापेक्षा हलकं असतं आणि दाबाखाली हळूहळू वाहतं, मळलेली कणीक बोटांच्या फटीतून वर यावी तसं. मिठाचा खांब वर चढतो, वरचे थर उचलतो, आणि माळावर उंचवटा दिसतो. खांबाच्या डोक्यावर जिप्सम, अॅनहायड्राइट आणि चुनखडकाची टोपी बनते. आजूबाजूच्या थरांतून वर सरकणारं तेल त्या टोपीच्या पोकळ्यांत आणि खांबाच्या कडांना अडकतं. तिथले जिवाणू तेलावर जगतात आणि अॅनहायड्राइटमधल्या सल्फेटचं हायड्रोजन सल्फाइड करतात. त्यातून शुद्ध गंधक तयार होतं, आणि थोडा वायू झऱ्यांतून बाहेर येतो. म्हणजे त्या टेकडीवरचा उंचवटा, वास आणि बुडबुडे या तिन्ही एकाच यंत्रणेच्या खुणा होत्या. एकटी कुठलीही खूण पुरेशी नव्हती. उन्हवऱ्याला वास आहे, पण बाकीचं काहीच नाही.

हिगिन्सला मिठाच्या खांबाबद्दल काही माहीत नव्हतं. त्याने खुणा बरोबर टिपल्या होत्या, कारण लुकासने ओळखलं. लुकासने कंपनीकडून जमीन भाड्याने घेतली, हिगिन्सला दहा टक्के हिस्सा ठरला. पहिली विहीर ५७५ फुटांवर फसली, थोडं तेल दिसलं तेवढंच. पैसे संपले. टेक्सास विद्यापीठातल्या विल्यम फिलिप्स या प्राध्यापकाने त्याची गाठ पिट्सबर्गच्या गफी आणि गेली या जोडीशी घालून दिली. त्यांच्यामागे मेलन घराण्याचा पैसा होता. लुकासच्या वाट्याला एक अष्टमांश आला आणि हिगिन्सला नव्या व्यवहारातून वगळलं गेलं.

खणायचं काम हॅमिल भावांना मिळालं. त्यांच्याकडे रोटरी यंत्र होतं. नळी फिरवत खाली न्यायची, नळीतून पाणी सोडायचं, ते पाणी बाहेरच्या बाजूने चुरा घेऊन वर येतं. पण वाळूपुढे साधं पाणी हरलं. तेव्हा भावांनी एक खड्डा पाण्याने भरला, त्यात गुरं फिरवली, आणि गढूळ झालेला तो चिखल विहिरीत सोडला. चिखल भोकाच्या भिंतींना लिंपला गेला, सारवल्यासारखा, आणि वाळू घसरायची थांबली. आज जगभर तेलविहिरी खणताना रसायनं मोजून बनवलेला चिखल वापरतात. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतलं सर्वात मोठं इंजिनिअरिंग हेच, आणि त्यात भूगर्भशास्त्राचा एक शब्दही नाही.

१० जानेवारी १९०१. विहीर १,०२० फुटांपर्यंत गेली होती. नवं पातं लावून नळ्या परत खाली सोडत असताना चिखल उकळल्यासारखा वर येऊ लागला. मग कित्येक टन वजनाच्या नळ्या आभाळात फेकल्या गेल्या. थोडा वेळ शांतता, कामगार चिखल उपसायला परत आले, आणि पुन्हा स्फोटासारखा आवाज. वायू, आणि मागोमाग तेल, दीडशे फुटांहून उंच. नऊ दिवस ते आवरत नव्हतं. अंदाज दिवसाला १,००,००० बॅरलचा होता. त्या वेळी सगळ्या अमेरिकेचं उत्पादन दिवसाला पावणेदोन लाख बॅरलच्या आसपास होतं, यावरून कल्पना करा. त्या दिवशी हिगिन्स गावात नव्हता.

पुढचं पटकन सांगतो. काही महिन्यांत गावाची वस्ती कित्येक पट झाली, तेल इतकं झालं की भाव बॅरलला तीन सेंटपर्यंत पडला. टेक्साको आणि गल्फ या कंपन्या इथूनच उभ्या राहिल्या. हिगिन्सने हिश्श्यासाठी दावा लावला आणि तो कोर्टाबाहेर मिटला. टेकडीवर त्याच्याकडे स्वतःचा ३३ एकरांचा तुकडा शिल्लक होता, त्यावर नवी कंपनी काढून त्याने चांगला पैसा केला. म्हणजे तो भिकेला लागला, ही लोकप्रिय आवृत्ती खरी नाही. १९०८ मध्ये त्याने स्वतःच दत्तक घेतलेल्या तरुण मुलीशी लग्न केलं. त्याला साधुपुरुष करणाऱ्या लेखांतून हे सहसा गायब असतं.

मग तो शहाणा होता की नशीबवान? हजार फुटांचा आकडा नशीब होतं असं मला वाटतं. तो काढायला लागणारी माहिती तेव्हा कोणाकडेच नव्हती. त्या काळात अशाच खात्रीने खणून कफल्लक झालेल्यांची चरित्रं कोणी लिहीत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. हिगिन्स पुढे आयुष्यभर नवी क्षेत्रं शोधत राहिला, पण तसं यश पुन्हा आलं नाही. जागेबद्दल मात्र तो चुकला नव्हता. वर्षानुवर्षं त्या टेकडीवर पायी फिरून, वास घेऊन, काठी खुपसून त्याने जे पाहिलं, ते तज्ज्ञांच्या धावत्या भेटीत दिसणारं नव्हतं.

१९०३ मध्ये या किनाऱ्यावरच्या तेलक्षेत्रांचा सरकारी अहवाल निघाला. लेखक होते हेझ आणि केनेडी. होय, तेच दोघे.

हिगिन्स १९५५ मध्ये सॅन अँटोनिओत वारला, एक्क्याण्णव वर्षांचा होऊन. त्याआधी काही वर्षं त्याच टेकडीखालचं गंधक काढायला सुरुवात झाली होती. तापवलेलं पाणी खाली सोडायचं आणि वितळलेलं गंधक वर आणायचं. विहिरीच्या जागेजवळ १९४१ मध्ये ग्रॅनाइटचा उंच स्तंभ उभारला होता, लुकासच्या विहिरीच्या नावाचा. गंधक निघालं तशी जमीन खचत गेली, उंचवटा बसला, आणि तो स्तंभ तिथून उचलून दुसरीकडे न्यावा लागला.