दोन शॉट जोडून तिसरा अर्थ काढणाऱ्या आयझेनस्टाईनचा सिनेमा गेला, पण तुकड्यांनी गोष्ट वाचवली

रील एडिट करताना तुम्ही आधी एक चेहरा दाखवता, मग लगेच दुसरंच काहीतरी. बघणारा त्या दोघांचा संबंध आपोआप लावतो. असं का होतं, हे समजून घेण्यात एका माणसाने आयुष्य घालवलं. त्याचं नाव सर्गेई आयझेनस्टाईन.

१८९८ मध्ये रीगा इथं त्याचा जन्म झाला. वडील आर्किटेक्ट, म्हणून पोरगंही सिव्हिल इंजिनिअरिंगला गेलं. पण रशियात क्रांती झाली आणि शिक्षण सोडून तो लाल सैन्यात भरती झाला. पुढे तो जपानी भाषा शिकायला लागला. या लिपीची गंमत अशी, की डोळा आणि पाणी ही दोन चिन्हं जोडली की अर्थ होतो रडणं. दार आणि कान जोडले की ऐकणं. सिनेमातले दोन शॉटही असेच एकमेकांवर आदळतात आणि तिसरा अर्थ तयार होतो, असं त्याने मांडलं. यालाच मोंटाज म्हणतात.

१९२५ मध्ये त्याचा 'स्ट्राईक' आला. त्यात कामगारांवर गोळ्या झाडल्या जातात आणि मध्येच कत्तलखान्यातला बैल दिसतो. माणसांना जनावरांसारखं मारलं, हे कुणी बोलत नाही, तरी समजतं.

त्याच वर्षी 'बॅटलशिप पोटेमकिन' आला, तेव्हा आयझेनस्टाईन अवघा २७ वर्षांचा होता. ओडेसाच्या पायऱ्यांवर सैनिक गोळीबार करत उतरतात, आई कोसळते, बाळाची गाडी गडगडत खाली जाते. पायऱ्या उतरायला खरं तर एवढा वेळ लागत नाही. पण घटना किती वेळ घडली आणि ती सांगायला किती वेळ घ्यायचा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भीती वाढवायची म्हणून त्याने वेळच ताणली.

पुढे स्टालिनचं राज्य आलं. १९३७ मध्ये त्याचा 'बेझिन मेडो' सरकारने थांबवला आणि त्याला जाहीरपणे चुका कबूल करायला लावल्या. त्या सिनेमाची रिळंही नंतर वाचली नाहीत. 'इव्हान द टेरिबल'च्या दुसऱ्या भागावरही बंदी आली. तो १९५८ मध्ये पडद्यावर आला, पण आयझेनस्टाईन १९४८ मध्येच हृदयविकाराने गेला होता. वय फक्त ५०.

पण त्याची बायको पेरा अताशेवा हिने 'बेझिन मेडो'च्या शॉट्सचे काही तुकडे जपून ठेवले होते. १९६० च्या दशकात ती स्थिर चित्रं क्रमाने लावून सुमारे अर्ध्या तासाची फिल्म तयार झाली. हलणारं एकही दृश्य उरलं नव्हतं, तरी चित्राशेजारी चित्र आलं आणि गोष्ट परत उभी राहिली.

आयझेनस्टाईन आयुष्यभर हेच तर सांगत होता.