जंतूंशी झुंजणारे हाफकिन

आपल्या खंडाळा तालुक्यातील नायगावच्या कन्या सावित्रीबाई फुले १८९७ साली पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना निवर्तल्या, हे आपल्या मुलांना ठाऊक आहे. त्याच वर्षी त्याच रोगाशी मुंबईत एक परदेशी शास्त्रज्ञ झुंजत होते. त्यांचे नाव वाल्डेमार हाफकिन.

त्यांचा जन्म १८६० मध्ये ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीवरील लस तयार केली व १८९२ मध्ये प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. पटकीचे जंतू दूषित पाण्यातून व अन्नातून पोटात जातात. पुढल्याच वर्षी ते हिंदुस्थानात आले आणि त्यांनी हजारो लोकांना ही लस टोचली.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा जागेत त्यांनी लस बनविली आणि १० जानेवारी १८९७ रोजी तीही आधी स्वतःवरच वापरून पाहिली. लोक लशीला भीत होते. तेव्हा तरुण आगाखान यांनी स्वतः टोचून घेऊन आपल्या अनुयायांची भीती घालविली.

पण १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावी घात झाला. एकाच बाटलीतील लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. ठपका हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला व त्यांना कामावरून दूर करण्यात आले. वास्तविक बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. हे सरकारला पटून हाफकिन निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडले. मनात कटुता असूनही ते पुन्हा हिंदुस्थानात कामावर रुजू झाले. १९२५ मध्ये परळच्या त्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. १९३० साली ते लोझान येथे वारले.

विद्यार्थी मित्रांनो, एका चिमट्याला लागलेल्या मातीने १९ जीव घेतले. चिमटा दिसायला स्वच्छच असेल! आपल्या स्वयंपाकघरातही हाच नियम लागू आहे. कच्चे मटण चिरलेल्या सुरीने लगेच काकडी कापू नये. शौचाहून आल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नये. शादीच्या दावतीतील उरलेला पुलाव रात्रभर उघड्यावर ठेवून सकाळी मुलांना वाढू नये. पाण्याची शंका आली तर ते उकळावे.

पालकहो, जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून सवयच डोळस हवी. ती घरात लागली, तरच शाळेत शिकविलेले आरोग्यशास्त्र कामी येईल.