आरेत्सोचा ग्वीदो

इटलीच्या पूर्व किनाऱ्याजवळ पोम्पोझा नावाचा एक प्राचीन ख्रिस्ती मठ आहे. अकराव्या शतकाच्या आरंभी तेथे ग्वीदो नावाचा एक साधू राहत असे. मुलांना प्रार्थनागीते शिकविणे हे त्याचे काम. गीते शेकडो होती आणि प्रत्येक गीत गुरुमुखातून ऐकून घोकावे लागे. पोथीत शब्दांच्या डोक्यावर बारीक खुणा असत. परंतु त्यांवरून स्वर चढतो की उतरतो एवढेच कळे, किती चढतो हे कळत नसे. ज्याने चाल आधी ऐकली असेल, त्यालाच त्या खुणांचा उपयोग! दहा-दहा वर्षे शिकूनही गायकाला नवे गीत आपले आपण म्हणता येत नसे. कोवळ्या मुलांची इतकी वर्षे पाठांतरात जातात, याची ग्वीदोला खंत वाटे.

अखेर त्याने उपाय शोधला. एखाददुसरी रेषा ओढण्याची चाल पूर्वीही होती. ग्वीदोने शब्दांच्या वर अनेक समांतर रेषा आखल्या आणि प्रत्येक रेषेला, तसेच दोन रेषांमधील मोकळ्या जागेलाही, एकेक स्वर नेमून दिला. शिडीवरचा माणूस कितव्या पायरीवर उभा आहे, हे आपण पाहताक्षणीच सांगतो. स्वरांचेही आता तसेच झाले. मुलांचा गोंधळ होऊ नये म्हणून त्याने एक रेषा तांबडी व एक पिवळी केली.

मुले पाहून गाऊ लागली. पण मठातील काही जणांच्या मनात मत्सर जागा झाला. ग्वीदोला पोम्पोझा सोडावे लागले. सुमारे १०२५ साली तो आरेत्सो नगरात आला. तेथील बिशपाने त्याला आश्रय दिला व गायकांचे शिक्षण त्याच्यावर सोपविले.

त्याची कीर्ती रोमला पोहोचली. सुमारे १०२८ साली पोप एकोणिसावे जॉन यांनी त्याला बोलावून घेतले. त्यांनी ग्वीदोची पोथी कुतूहलाने चाळली, आरंभीचे नियम वाचले आणि कधीही न ऐकलेली एक ओळ स्वतः गाता येईपर्यंत ते जागचे हलले नाहीत! रोमचा दमट उन्हाळा मात्र ग्वीदोला सोसला नाही. आजारी पडून त्याला ते नगर सोडावे लागले. तत्पूर्वी पोम्पोझाच्या मठाधिपतीची व त्याची भेट झाली. मठाधिपतीने झाल्या गोष्टीबद्दल खेद व्यक्त केला.

पोम्पोझात मिकेले नावाचा त्याचा एक स्नेही होता. त्याला ग्वीदोने एक दीर्घ पत्र लिहिले. त्यात शिकविण्याची आणखी एक युक्ती आहे. एका लॅटिन स्तोत्राचे पहिले सहा चरण असे होते, की प्रत्येक चरण आधीच्यापेक्षा एक स्वर वर सुरू होई. त्यांची आद्याक्षरे उत्, रे, मी, फा, सोल, ला. हे स्तोत्र मुलांकडून पक्के करून घ्यावे. मग पोथीत एखादा स्वर दिसताच त्यांनी तो चरण आठवावा, की स्वर आपोआप गळ्यात येतो. पुढे उत्‌च्या जागी दो आले आणि सातवा स्वर जोडला गेला. आपल्याकडील सा, रे, ग, म म्हणतात, तशी युरोपातील मुले आजही ती अक्षरे म्हणतात. या रीतीने काही मुले तीन दिवसांच्या आतच अनोळखी गीते गाऊ लागली, असे ग्वीदोने मिकेलेला मोठ्या आनंदाने कळविले आहे.