इंटरनेटची वही सांभाळणारा माणूस : जॉन पोस्टेल

दरवर्षी आपल्या मराठी विभागात एखादं तरी चरित्र असतंच. विश्वेश्वरय्या झाले, रामानुजन झाले, टेस्ला तर दोनदा झाला. म्हणून यंदा म्हटलं, ज्याच्या कामाशिवाय होस्टेलचं वाय-फाय एक मिनिटभरही चालणार नाही अशा माणसावर लिहावं. जोनाथन पोस्टेल. जग त्याला जॉन पोस्टेल म्हणून ओळखतं. नेटवर्किंगच्या जगात हे नाव फार मोठं, पण आपल्या पुस्तकांत ते येतं तळटिपेत, आणि तळटीप काही कुणी व्हायवाला विचारत नाही! माझी आणि त्याची ओळख झाली ती संगणक केंद्रातल्या बिघडलेल्या बॅकअपमुळे. ती हकीकत पुढे येईलच. आधी माणूस बघू.

जन्म ६ ऑगस्ट १९४३ चा, कॅलिफोर्नियातल्या अल्टाडीना गावचा. शाळा लॉस एंजेलिसमधली व्हॅन नायज हायस्कूल. व्हिंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर हेही याच शाळेचे. एका शाळेने इंटरनेटला तीन माणसं दिली! आपल्याकडे असतं तर शाळेच्या गेटवर कायमचा फ्लेक्स लागला असता. पुढे यूसीएलएमधून १९६६ साली बी.एस., १९६८ साली एम.एस. आणि १९७४ साली पीएच.डी. पीएच.डी.चा विषयसुद्धा संगणकांमधल्या संवादाचे नियम, म्हणजे प्रोटोकॉल, हाच.

१९६९ साली यूसीएलएमध्ये अर्पानेटचं पहिलं केंद्र सुरू झालं. अर्पानेट म्हणजे आजच्या इंटरनेटचा आजोबा. प्रा. क्लाइनरॉक यांच्या प्रयोगशाळेत ही सगळी विद्यार्थी मंडळी काम करत होती. हे नियम ठरवायला कुणीतरी मोठा तज्ज्ञ येईल असं त्यांना वाटत होतं. कुणीच आलं नाही. मग त्यांनी स्वतःच लिहायला घेतलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये क्रॉकरने पहिलं टिपण लिहिलं आणि त्या मालिकेला नाव दिलं रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स, म्हणजे आरएफसी. विद्यार्थ्यांनीच लिहिलेलं, त्यामुळे हुकूम कसा करणार? अभिप्राय कळवा, एवढंच. या टिपणांचं संपादन लवकरच पोस्टेलकडे आलं आणि ते त्याने मरेपर्यंत सोडलं नाही.

दुसरं काम नंबर वाटण्याचं. एका संगणकावर अनेक सेवा चालतात, मग कुठली सेवा कुठल्या क्रमांकावर ऐकणार? जो तो मनाला येईल तो नंबर घ्यायला लागला असता तर सगळा गोंधळ झाला असता. मे १९७२ मध्ये पोस्टेलने ३४९ क्रमांकाच्या आरएफसीत सुचवलं की हे नंबर देणारा कुणीतरी एकच माणूस असावा, आणि कंसात प्रश्नचिन्ह टाकून स्वतःचंच नाव पुढे केलं. ते कुणी खोडलं नाही. तेव्हापासून पोर्ट नंबरांची वही (वही हा माझा शब्द) त्याच्याकडे. पगार त्यासाठी वेगळा नाही, अधिकारपत्र नाही. मार्च १९७७ मध्ये तो सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या आयएसआय या संस्थेत गेला, तेव्हा वहीही बरोबर गेली. या कामाला पुढे आयाना असं नाव पडलं, पण बरीच वर्षं आयाना म्हणजे पोस्टेल आणि त्याची सहकारी जॉयस रेनॉल्ड्स, एवढंच होतं.

आता बॅकअपची गोष्ट. आमच्या विभागाच्या लिनक्स सर्व्हर्सचा बॅकअप बाकुला नावाच्या मोफत सॉफ्टवेअरने होतो. त्यात तीन पात्रं. डायरेक्टर म्हणजे मुकादम, कुणी कधी काम करायचं ते सांगणारा. ज्या मशीनचा बॅकअप घ्यायचा तिथे फाइल डीमन. आणि डेटा ज्याच्याकडे साठतो तो स्टोरेज डीमन. यांचे पोर्ट अनुक्रमे ९१०१, ९१०२ आणि ९१०३. डायरेक्टर ९१०२ वर फाइल डीमनला हाक मारतो आणि स्टोरेजचा पत्ता सांगतो. मग फाइल डीमन स्वतः उठून ९१०३ वर स्टोरेजकडे जातो. हा दुसरा फेरा लक्षात ठेवा, कारण निम्मी दुखणी तिथेच असतात.

फायनल इयरचे सगळे प्रोजेक्ट ज्या सर्व्हरवर होते त्याचा बॅकअप तीन आठवडे रोज रात्री फेल होत होता, आणि त्याच मशीनच्या डिस्कने एरर द्यायला सुरुवात केली होती. म्हणजे डिस्क गेली तर वर्षभराचं काम गेलं! केंद्रातल्या सरांनी आम्हा दोघांना बसवलं. डायरेक्टरवरून त्या मशीनचं स्टेटस विचारलं तर झकास उत्तर. जॉब सुरू केला की मात्र स्टोरेजशी जोडणी होत नाही, कनेक्शन रिफ्यूज्ड. त्या मशीनवरून बॅकअप सर्व्हरला नावाने पिंग केलं, उत्तर आलं. डिग लावून डीएनएसला विचारलं, पत्ता बरोबर. सर्व्हरवर नेटस्टॅट पाहिलं, स्टोरेज डीमन ९१०३ वर ऐकत बसलेला. सगळं बरोबर आणि तरी काम होत नाही!

इथे सरांनी आम्हाला नेट बंद करून ७९३ क्रमांकाची आरएफसी वाचायला लावली. सप्टेंबर १९८१ ची, टीसीपीची, संपादक पोस्टेल. तेव्हा कळलं की कनेक्शन रिफ्यूज्ड आणि कनेक्शन टाइम्ड आउट या दोन वेगळ्या बातम्या आहेत. त्या पोर्टवर कुणी ऐकत नसेल तर समोरच्या मशीनने रीसेट पाठवायचा, असा त्यात नियम आहे. म्हणजे रिफ्यूज्ड आलं की साधारणपणे समजावं, मशीन जिवंत आहे, पाकीट पोहोचलंय, फक्त त्या दारामागे कुणी नाही. टाइम्ड आउट म्हणजे पाकीट किंवा त्याचं उत्तर वाटेत कुठेतरी गायब झालं, बहुतेक वेळा फायरवॉलने गिळलं. आमच्या सर्व्हरवर तर दारामागे डीमन बसलेला होता. मग नकार देणारा कोण? अर्थात दुसरंच कुणीतरी!

गेटएंट होस्ट्स या कमांडने तेच नाव विचारलं आणि चोर सापडला. डिग थेट डीएनएसला विचारतो. पण बाकीचे प्रोग्रॅम सहसा आधी मशीनवरची होस्ट्स फाइल बघतात, आणि त्या फाइलमध्ये बॅकअप सर्व्हरचा जुना पत्ता तसाच होता. सर्व्हर हलवला तेव्हा तो पत्ता मोकळा झाला आणि पुढे ऑफिसमधल्या प्रिंटरला मिळाला. तीन आठवडे आमचा सर्व्हर रोज रात्री प्रिंटरला बॅकअप घे म्हणून विनवत होता. पिंगला उत्तर देत होता तोही प्रिंटरच!

पोस्टेलच्या कामाची गंमत इथे कळते. सुरुवातीला टीसीपी आणि आयपी असे दोन भाग नव्हतेच, एकच प्रोटोकॉल सगळं करायचा. ऑगस्ट १९७७ मध्ये पोस्टेलने टिपण लिहून सांगितलं की हे चुकतंय. पाकीट पुढच्या टप्प्यावर नेण्याचं काम वेगळं आणि दोन टोकांमधल्या संवादाची हमी हे काम वेगळं, त्यांची फाळणी करा. १९७८ मध्ये ती झाली. म्हणून आज आपण पिंगने आयपीचा थर वेगळा तपासतो आणि टेलनेटने एखादा पोर्ट ठोठावून टीसीपीचा थर वेगळा. पिंग ज्यावर चालतो त्या आयसीएमपीची ७९२ क्रमांकाची आरएफसी पोस्टेलचीच. टेलनेटची १९८३ ची आरएफसी त्याची आणि जॉयस रेनॉल्ड्सची. ईमेलच्या एसएमटीपीची १९८२ ची, तीही त्याचीच. होस्ट्स फाइलचा इतिहासही असाच. अर्पानेटवरच्या सगळ्या मशीनची नावं एकाच फाइलमध्ये असायची आणि प्रत्येकाने ती उतरवून घ्यायची. जुनी प्रत राहिली की पत्ता चुकलाच. हे वाढत्या नेटवर्कला झेपेना, तेव्हा पोस्टेलने आयएसआयमधल्या पॉल मोकापेट्रिसला त्यावर उपाय शोधायला सांगितलं. १९८३ मध्ये डीएनएस आलं. आमच्याकडे मात्र १९८३ च्या आधीचा रोग औषध निघाल्यावर चाळीसेक वर्षांनी झाला होता.

होस्ट्स फाइल सुधारली आणि फुल बॅकअप सुरू झाला. आनंद दोन तास टिकला, मग जॉब तुटला. डेटा स्टोरेजकडे व्यवस्थित वाहत होता, पण डायरेक्टर आणि फाइल डीमन यांच्यातलं दुसरं कनेक्शन तेवढा वेळ मुकं होतं, आणि मधल्या फायरवॉलने ते रिकामं समजून काढून टाकलं. टीसीपीच्या मूळ नियमांत गप्प राहणं म्हणजे मरणं नव्हे. दोन टोकं बोलली नाहीत तरी जोडणी जिवंतच. फायरवॉलला हे मान्य नसतं. लिनक्सचा कीपअलाइव्ह दोन तासांनी जागा होतो, तोवर उशीर झालेला. बाकुलामध्ये हार्टबीट इंटरव्हल नावाची सेटिंग आहे, तिथे आम्ही एक मिनिट घातलं. त्या रात्री बॅकअप पुरा झाला. सकाळी काही फोल्डर दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून, उघडून पाहिले, आणि मगच चहाला गेलो. पुढच्या आठवड्यात डिस्क बदलली.

पोस्टेलचं एक तत्त्व त्याच्या नावाने प्रसिद्ध आहे. स्वतः पाठवताना नियम काटेकोर पाळा, दुसऱ्याकडून आलेलं स्वीकारताना मात्र मन मोठं ठेवा, असा त्याचा भावार्थ. वेगवेगळ्या कंपन्यांची, वेगवेगळ्या युनिक्सची यंत्रं एकमेकांशी बोलू लागली त्यात याचा मोठा वाटा आहे. पण मला विचाराल तर बॅकअपच्या बाबतीत हे मोठं मन महागात पडतं. काही फाइल वाचता आल्या नाहीत तरी जॉब ओके विथ वॉर्निंग्ज म्हणून संपतो, आपण ओके वाचतो आणि झोपतो. जाणकारांतही यावर वाद आहे. २०२३ मधल्या ९४१३ क्रमांकाच्या आरएफसीत या तत्त्वाची चांगलीच उलटतपासणी झाली आहे, आणि तीही पोस्टेलनेच सांभाळलेल्या मालिकेत!

माणूस दिसायला साधूसारखा. लांब दाढी, पायात सँडल, सुट्टीत सिएरा नेवाडाच्या डोंगरांत भटकंती. पण संपादक म्हणून कडक. आरएफसी साध्या आस्की मजकुरातच हवी, ओळीत ७२ अक्षरं, पानावर ५८ ओळी. फॅन्सी फॉरमॅट नाही. लोक कुरकुरत, तरी तो बदलला नाही. आज त्या फाइल कुठल्याही मशीनवर उघडतात. त्याच काळातला एखाद्या वर्ड प्रोसेसरचा मजकूर उघडून दाखवा बरं! सगळ्यात सुरुवातीच्या काही आरएफसी मात्र फक्त कागदावर होत्या. त्या स्वयंसेवकांनी नंतर पुन्हा टाइप करून ऑनलाइन संग्रहात घातल्या. टाइप करणाऱ्याचं नाव शेवटी कंसात दिसतं.

देशांची डोमेन कुणाला द्यायची हेही तोच ठरवायचा. कुठला देश खरा आणि कुठला नाही या भानगडीत न पडता त्याने आयएसओची तयार यादी घेतली. आपलं डॉट इन १९८९ साली नोंदलं गेलं आणि अनेक वर्षं त्याचा कारभार मुंबईत जुहूच्या एनसीएसटीतून चालला.

नव्वदीत इंटरनेटमध्ये पैसा आला आणि एवढी सत्ता एका माणसाकडे कशी, हा प्रश्नही आला. २८ जानेवारी १९९८ ला पोस्टेलने डीएनएसच्या मुख्य सर्व्हरची नक्कल घेणाऱ्या बारांपैकी आठ सर्व्हरच्या चालकांना ईमेल केली, की यापुढे यादी माझ्याकडून घ्या. आठही जणांनी ऐकलं! अमेरिकी सरकार हादरलं. अध्यक्ष क्लिंटन यांचे सल्लागार आयरा मॅगझिनर यांनी ते मागे घ्यायला लावलं. पोस्टेलने ही चाचणी होती असं सांगितलं आणि काही दिवसांत सगळं पूर्ववत केलं. वापरणाऱ्यांना काही कळलंही नाही. चाचणी होती की इशारा, यावर आजही दुमत आहे. मला वाटतं दोन्ही होतं. पण नीट पाहिलं तर आपण नेटवर्कमध्ये ज्याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतो तो पोस्टेल स्वतःच होता, आणि हे त्यालाही ठाऊक असावं. कारण त्या वर्षभर तो ही वही एका संस्थेकडे सोपवण्याच्या खटपटीत होता. ३० सप्टेंबर १९९८ ला आयकॅनची स्थापना झाली.

त्यानंतर जेमतेम दोन आठवडे. हृदयाच्या झडपेच्या शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीतून १६ ऑक्टोबर १९९८ ला लॉस एंजेलिसमध्ये तो गेला. वय ५५. जुना मित्र व्हिंट सर्फ याने श्रद्धांजली लिहिली ती आरएफसी म्हणूनच, क्रमांक २४६८.

त्याच्या जाण्याने इंटरनेटवर एकही सेवा थांबली नाही. आरएफसीचं संपादन जॉयस रेनॉल्ड्स आणि बॉब ब्रेडन यांनी पुढे नेलं, नंबरांचं काम आयकॅनकडे गेलं. टीसीपीची ७९३ क्रमांकाची आरएफसी ४१ वर्षं टिकली, ऑगस्ट २०२२ मध्ये ९२९३ ने तिची जागा घेतली. बाकुलाचं काम सुरू झालं २००० साली, म्हणजे पोस्टेल गेल्यावर, पण त्याचे तिन्ही पोर्ट त्याच यादीत रीतसर नोंदलेले आहेत. लिनक्सच्या इटीसी फोल्डरमधली सर्व्हिसेस ही फाइल उघडून ९१०२ शोधा. त्याच फाइलमध्ये वर २१, २३ आणि २५ दिसतील, एफटीपी, टेलनेट आणि एसएमटीपी. ते त्याच्या हातचे.