पाण्यावरचे पाखरू, काचेवरचे बिंब

1911 सालच्या जुलै महिन्यातील गोष्ट. इंग्लंडच्या पूर्वेकडील नॉरफोक परगण्यात, हिकलिंग या विस्तीर्ण तळ्याच्या काठी बोरूच्या दाट बनात दोन माणसे एक पिल्लू शोधत होती. एक होता तेथील पाणथळीचा राखणदार जिम व्हिन्सेंट आणि दुसऱ्या होत्या चव्वेचाळीस वर्षांच्या एमा लुइसा टर्नर. शोध होता तो बिटर्न या बगळ्याच्या कुळातील पक्ष्याचा. दलदली आटवून केलेली शेती आणि शिकाऱ्यांच्या बंदुका यांमुळे हा पक्षी ब्रिटनमधून नाहीसा झाला होता. 1886 नंतर तेथे त्याच्या विणीची नोंद नव्हती. अखेर पिल्लू सापडले, चोच आभाळाकडे ताणून बोरूच्या काड्यांत मिसळून उभे राहिलेले. टर्नरबाईंनी त्याचे छायाचित्र घेतले आणि बिटर्न परतल्याचा पुरावा जगापुढे आला. एरवी असा पुरावा म्हणजे पेंढा भरलेला मृत पक्षी. येथे तो जिवंत राहिला, आणि हेच या छायाचित्राचे खरे मोल होय.

एमा टर्नर यांचा जन्म 9 जून 1867 रोजी केंट परगण्यातील लँग्टन ग्रीन या गावी झाला. वडील किराणा व कापडाचे व्यापारी. एमा तेरा वर्षांच्या असताना आईचे निधन झाले. 1900 साली वन्यजीव छायाचित्रणाचे आद्य प्रवर्तक रिचर्ड कर्टन यांच्याशी त्यांची भेट झाली आणि वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी त्यांच्या हाती कॅमेरा आला. ज्या वयात त्या काळची स्त्री घरसंसारात पुरती बांधली गेलेली असे, त्या वयात एमा टर्नर चिखलात उतरल्या.

नॉरफोकमधील ही उथळ तळी दिसायला नैसर्गिक वाटली, तरी मध्ययुगात जळणासाठी खणलेल्या पीटच्या खाणींत पाणी भरून ती बनली आहेत. त्यांपैकी सर्वांत मोठ्या हिकलिंगवर टर्नरबाईंनी पुढील सुमारे वीस वर्षे दरवर्षी काही काळ मुक्काम केला. स्वतःच आराखडा करून बांधून घेतलेली नौका हेच त्यांचे घर. या परिसरात त्यांनी प्रथम ज्याचे छायाचित्र घेतले, त्या वॉटर रेल या पाणकोंबडीच्या कुळातील पक्ष्याचेच नाव त्यांनी नौकेला दिले. तळ्यातील एका लहानशा बेटावर त्यांची झोपडीही होती. ते बेट पुढे त्यांच्याच नावाने ओळखले जाऊ लागले.

जलपक्ष्यांचे छायाचित्रण हे नेहमीच दुहेरी काम असते. एक पक्षी पाण्यावर असतो आणि दुसरा पाण्यात. पक्षी नेमका टिपला, पण प्रतिबिंबाचे डोके चौकटीबाहेर कापले गेले, तर चित्र अपुरे वाटते. कॅमेरा पाण्याच्या पातळीजवळ असेल तर पक्षी आणि त्याचे बिंब जवळजवळ सारखे दिसतात. तो उंच धरला की बिंब आखडते आणि त्यात पक्ष्याची खालची बाजू अधिक दिसू लागते. बिंब बहुधा मूळ पक्ष्यापेक्षा किंचित गडद असते, आणि वाऱ्याची एक झुळूक ते मोडून टाकते. म्हणून चित्रकाराला पक्ष्याबरोबर पाण्याचीही वाट पाहावी लागते. टर्नरबाईंच्या काळी तर जड कॅमेरा, काचेच्या पट्ट्या आणि मंद रसायने होती. स्टँडवरच्या कॅमेऱ्यात मागील दुधी काचेवर दृश्य उलटे दिसे. साहजिकच पाण्यातील बिंब सुलटे आणि खरा पक्षी उलटा! त्यातून रचना जोखायची, पट्टी बसवायची आणि नंतर केवळ दबा धरून राहायचे. टर्नरबाई बोरूच्या बनात अंगावर गवत-काड्या ओढून तासन् तास पडून राहत.

या तपश्चर्येचे फळ म्हणजे शेंडीवाल्या मोठ्या पाणडुबीचे त्यांचे छायाचित्र. आपल्याकडील तळ्यांत दिसणाऱ्या टिबुकलीचीच ही मोठी बहीण. तिच्या रेशमी पिसांची टोप्या आणि हातमोज्यांसाठी इतकी मागणी होती, की एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये तिच्या अगदी थोड्या जोड्या उरल्या होत्या. टोपीवर मिरवण्याच्या पिसांऐवजी पाण्यावर तरंगणारा सजीव पक्षी लोकांपुढे ठेवणाऱ्या या छायाचित्राला रॉयल फोटोग्राफिक सोसायटीचे सुवर्णपदक लाभले.

विद्वत्सभांची दारे स्त्रियांसाठी नुकतीच किलकिली होत होती. 1788 साली स्थापन झालेल्या लिनियन सोसायटीने 1904 मध्ये प्रथमच स्त्रियांना सभासद म्हणून निवडले. त्या पहिल्या तुकडीत टर्नरबाई होत्या. 1909 साली ब्रिटिश ऑर्निथॉलॉजिस्ट्स युनियनने त्यांना सन्माननीय सदस्यत्व दिले. स्वतःच्या छायाचित्रांच्या काचचित्रांसह व्याख्याने देणे हा त्यांचा व्यवसाय झाला होता. पहिल्या महायुद्धात त्यांनी रुग्णालयात स्वयंपाकिणीचे काम केले. 1924 साली ‘ब्रॉडलँड बर्ड्स’ हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी स्कोल्ट हेड या वालुकामय बेटावर सुरय पक्ष्यांच्या वसाहतींची राखण करण्यासाठी त्या गेल्या. सत्तावन्नाव्या वर्षी त्या निर्जन बेटावर एकट्या राहणाऱ्या या बाईंचे वृत्तपत्रांना मोठे नवल वाटले. त्यांना मात्र पाखरांच्या संगतीत एकटेपण जाणवले नसावे.

उत्तरायुष्य त्यांनी केंब्रिजमध्ये काढले. नियतीने मात्र क्रूर थट्टा केली. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया यशस्वी झाली नाही आणि मृत्यूपूर्वी सुमारे दोन वर्षे त्यांची दृष्टी पूर्णपणे गेली. ज्या डोळ्यांनी उलट्या काचेवर सुलटे बिंब जोखले, त्यांना अखेरीस प्रकाशही दिसेनासा झाला. 13 ऑगस्ट 1940 रोजी, दुसरे महायुद्ध पेटलेले असताना, त्यांचे निधन झाले.

आज एका सेकंदात वीस-वीस छायाचित्रे टिपणारे कॅमेरे हाती आहेत. पक्ष्याच्या डोळ्यावर नजर रोखण्याचे कामही यंत्रच करते. वारा पडेपर्यंत थांबणे आणि घरट्यापासून कुठे दूर राहायचे हे ओळखणे मात्र अजूनही माणसालाच करावे लागते. हिकलिंगच्या बोरूत बिटर्नचा घुमणारा आवाज आजही ऐकू येतो. एमा टर्नर यांचे याहून चांगले स्मारक कोणते असणार!