गृहस्थाश्रमातील अपरिग्रह : न्यायमूर्ती रामशास्त्री प्रभुणे

अपरिग्रह हा संन्याशाचा धर्म. प्रपंचात राहणाऱ्याने त्याची स्तुती करावी, आचरण मात्र मठातील स्वामींवर सोपवावे, अशी एक सोयीची समजूत आपणा गृहस्थांत रूढ आहे. मुलेबाळे, पाहुणा, सणवार, दुखणेबाणे यांची तरतूद केल्यावाचून घर कसे चालावे, हा प्रश्न खोटा नाही. परंतु ज्याने तो ग्रंथात न सोडविता आपल्या माजघरात सोडविला, असा एक गृहस्थ अठराव्या शतकात पुण्यास होऊन गेला. ते रामशास्त्री प्रभुणे होत. त्यांच्या न्यायनिष्ठुरतेची कथा सर्वांस ठाऊक आहे. ती निष्ठुरता ज्या पायावर उभी होती, त्या घराकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते.

सातारजवळ कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर वसलेले क्षेत्र माहुली हे त्यांचे गाव. बालपण विद्येवाचून गेले आणि ऐन तारुण्यात साताऱ्याच्या एका सावकाराच्या घरी पाणी भरण्यासारखी हलकी कामे करण्याची पाळी आली. आख्यायिका अशी सांगतात की, धन्याच्या पायांवर पाणी घालीत असता रामशास्त्र्यांची दृष्टी त्याच्या कानातील भिकबाळीवर खिळली. असा अलंकार विद्येने वा पराक्रमाने मिळवावा लागतो, अशा अर्थाचा टोमणा धन्याने मारला. तो शब्द मनाला झोंबला आणि हा प्रौढ विद्यार्थी काशीस निघून गेला. तेथे अनेक वर्षे अध्ययन करून धर्मशास्त्रात पारंगत होऊन तो परतला. कथेतील मर्म येथेच आहे. ज्याच्या विद्येचा आरंभ एका अलंकाराच्या मोहातून झाला, त्याच्या घरी पुढे अधिकार आणि कीर्ती दोन्ही आली असताही अलंकाराला जागा उरली नाही.

१७५१ साली ते पेशव्यांच्या सेवेत आले आणि १७५९ साली न्यायाधीश झाले. या पदावरील मनुष्याच्या दारी नजराण्यांची रीघ लागणे त्या काळी अस्वाभाविक नव्हते. तथापि शास्त्रीबोवांचा नेम असा की, त्या दिवसाच्या निर्वाहास पुरेल तेवढेच घरात असावे. ही केवळ भाविकांनी रचलेली गोष्ट नव्हे. साताऱ्यास इंग्रजांचा रेसिडेंट म्हणून राहिलेल्या ग्रँट डफ याने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासातही या नेमाची नोंद आहे.

दुसऱ्या दिवसाचे धान्य घरात नाही, या व्रताचे ओझे प्रथम चुलीपाशी बसणाऱ्या स्त्रीवर पडते, हे विसरून चालणार नाही. म्हणूनच त्यांच्या पत्नीची आख्यायिका लोकांनी जपून ठेविली आहे. एकदा त्या वाड्यात गेल्या असता न्यायाधीशांच्या पत्नीचा साधा वेष पेशव्यांच्या पत्नीस खटकला. तिने त्यांना उंची वस्त्रे नेसविली, दागिने घातले आणि पालखीतून घरी पाठविले. शास्त्रीबोवांनी दारातूनच भोयांना सांगितले की, ते घर चुकले असावेत. ही बाई येथील नव्हे. बाईंनी खूण ओळखली, परत जाऊन वस्त्राभूषणे उतरविली आणि आपल्या जुन्या लुगड्यात पायी घरी आल्या. तेव्हा दार उघडे होते. आजच्या वाचकास यात कठोरपणा दिसेल, आणि तो दिसणे योग्यच आहे. परंतु त्या व्रताचा अर्धा भार त्या माउलीने वाहिला, म्हणून ते टिकले, हेही तितकेच खरे.

हाताच्या या आखडतेपणात कृपणता नव्हती. श्रावणातील दक्षिणेच्या वेळी त्यांचे बंधू रांगेत आले, तेव्हा नाना फडणीसांनी त्यांना अधिक रक्कम देण्याचे सुचविले, असे सांगतात. शास्त्रीबोवांनी विद्वत्तेच्या मानाने इतरांप्रमाणेच दोन रुपये देवविले आणि भाऊ म्हणून जे करावयाचे ते आपण घरी करू, असे कळविले. स्वतःची गरज ज्याने मोजली आहे, त्यालाच सरकारी खजिना व आपला कनवटीचा पैसा यांतील सीमा स्पष्ट दिसते.

अपरिग्रह म्हणजे कर्तव्याचा त्याग नव्हे, हेही त्यांनी दाखविले. थोरले माधवराव जपानुष्ठानात फार वेळ घालवू लागले व राजकाज खोळंबू लागले, तेव्हा शास्त्रीबोवा काशीस जाण्याची तयारी करून त्यांच्यापुढे उभे राहिले. अनुष्ठानच करावयाचे तर दोघेही गंगातीरी जाऊ, नपेक्षा प्रजेचे पालन हीच पूजा समजावी, असा त्यांचा आशय होता. माधवरावांनी तो मानला.

या जीवनाची खरी कसोटी १७७३ साली लागली. ३० ऑगस्ट रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. शास्त्रीबोवांनी चौकशी केली, ती रघुनाथरावांपर्यंत पोहोचली. जो आता राज्याचा धनी झाला होता, त्यालाच त्यांनी तोंडावर सांगितले की, या पापास देहान्तावाचून प्रायश्चित्त नाही. एवढे बोलून त्यांनी पद सोडले, पुणे सोडले आणि ते वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले.

वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. ज्याची कोठारे भरलेली असती, ज्याच्या घरच्यांना रेशमाची सवय जडली असती, त्याच्या जिभेवर हे शब्द आले असते काय? आले असते तरी बिऱ्हाड हलविणे सोपे गेले असते काय? ज्या घरात उद्याचाही साठा नव्हता, त्या घराला धाक घालण्यासारखे राजसत्तेपाशी फारसे काही नव्हते. बारभाईंच्या हाती कारभार आल्यावर त्यांना सन्मानाने परत बोलावण्यात आले आणि २५ ऑक्टोबर १७८९ रोजी देह ठेवीपर्यंत त्यांनी न्यायाचे काम केले.

आपणांपैकी प्रत्येकाने एका दिवसाचेच धान्य ठेवावे, असा याचा अर्थ नाही. मात्र फडताळात नवी वस्तू ठेविताना एवढे अवश्य विचारावे की, ही वस्तू माझ्या उपयोगी पडेल, की हिच्यासाठी मला कोणापुढे तरी गप्प बसावे लागेल? हा प्रश्न घरातील स्त्रीपुरुषांनी मिळून विचारावा. एकाने व्रत घ्यावे आणि दुसऱ्याने ते सोसावे, असे होऊ नये. तशी सुबुद्धी आम्हा सर्व गृहस्थाश्रमी शिष्यांस लाभो, हीच श्रीगुरुचरणी प्रार्थना.